ग्रीनजवळचा शॉट सतत चुकतोय? आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

ड्राइव्ह सरळ जातो, दुसरा शॉटही बऱ्यापैकी बसतो, आणि बॉल ग्रीनपासून (झेंडा आणि होल असलेल्या, बारीक कापलेल्या गवताच्या भागापासून) दहा-पंधरा यार्डांवर आला की सगळं बिनसतं. पीजीए टूर २के ही गोल्फच्या व्हिडिओ गेमची मालिका खेळणारी मंडळी माझ्याकडे सर्वांत जास्त हीच तक्रार घेऊन येतात. दर वेळी कारण त्याच सहा-सात ठिकाणी सापडतं, म्हणून तपासायचा क्रम एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

हे २के२१ (२०२०), २के२३ (२०२२) आणि २के२५ (२०२५) या तिन्हींना लागू पडतं. कंट्रोलरची स्टिक अंगठ्याने मागे ओढून पुढे ढकलायचा स्विंग (क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, फिरवणं) आणि उजव्या हाताने खेळणारा गोल्फर गृहीत धरला आहे. डावरा गोल्फर घेतला असेल तर डावं-उजवं उलटं वाचा. २के२३ पासून आलेला तीन-क्लिकचा (स्टिकऐवजी बटण तीनदा दाबायचा) स्विंग वापरत असाल, तर स्टिकबद्दलचा भाग सोडून द्या, बाकीचं तसंच लागू आहे.

लक्षणं

- बॉल दर वेळी तोकडा पडतो आणि साधारण तेवढाच तोकडा पडतो.
- बॉल दर वेळी झेंड्याच्या पुढे जातो.
- एकाच जागेवरून, एकाच क्लबने एकदा सहा यार्ड कमी, एकदा पाच यार्ड जास्त. मेळच बसत नाही.
- बॉल हवा तिथे पडतो, पण तिथून धावत सुटतो, किंवा पडतो तिथेच मरतो.
- अंतर बरोबर, पण बॉल सतत झेंड्याच्या उजवीकडे जातो.
- पूर्ण स्विंगला काहीच त्रास नाही, फक्त अर्धा-पाव शॉट बिघडतो.
- स्टिकला हात न लावता खेळाडू हलतो किंवा निशाणा आपोआप सरकतो.

या यादीत आपलं लक्षण नेमकं कोणतं, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेक जण "माझा चिप (ग्रीनजवळचा छोटा, ठेंगणा शॉट) खराब आहे" एवढंच सांगतात, आणि तेवढ्यावरून काहीच कळत नाही. सपाट ग्रीनच्या कडेला, सपाट गवतावर एक जागा निवडा आणि एकाच क्लबने, एकाच निशाण्यावर दहा बॉल मारा. बॉल एकमेकांजवळ पडले पण चुकीच्या जागी पडले, तर तुमचा अंगठा बरोबर आहे, वाचण्यात चूक होते आहे. दाहीदिशा विखुरले तर टीव्ही, अंगठा किंवा कंट्रोलर यांपैकी एकात दोष आहे. पडले बरोबर पण थांबले भलतीकडे, तर क्लबची निवड आणि ग्रीन यांच्याकडे पाहायचं. एवढ्या एका चाचणीने निम्मी तपासणी वाचते.

पहिली तपासणी : टीव्हीचा गेम मोड

पैसे लागत नाहीत आणि दोन मिनिटांत होते, म्हणून ही सर्वांत आधी. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. चित्र गुळगुळीत दाखवणारी सोय (प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते) बंद करा. एचडीएमआय केबल साउंडबारमधून फिरून येत असेल, तर तपासणीपुरती थेट टीव्हीला लावा. कंट्रोलर ब्लूटूथवर असेल, तर एकदा यूएसबी केबलने खेळून बघा.

पूर्ण स्विंग नीट आणि छोटा शॉट खराब, या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. पूर्ण स्विंगमध्ये तुम्ही स्टिक शेवटपर्यंत मागे नेता, कुठे थांबायचं याचा निर्णयच नसतो. छोट्या शॉटमध्ये पडद्यावरचा मीटर बघत मध्येच थांबायचं असतं. समजा, स्टिक पूर्ण मागे न्यायला तुम्हाला अर्धा सेकंद लागतो आणि टीव्ही चित्र ०.१ सेकंद उशिरा दाखवतो. म्हणजे तुम्ही मीटर ४० टक्क्यांवर बघून थांबता, तेव्हा स्टिक प्रत्यक्षात ६० टक्क्यांपर्यंत पोहोचलेली असते. सिनेमा पाहायच्या मोडमध्ये पुष्कळ टीव्ही याहूनही जास्त उशीर करतात. झेंड्याच्या पुढे जायची सवय लागलेल्या कितीतरी जणांचं दुखणं एवढ्यावर बरं झालेलं मी पाहिलं आहे.

टीव्हीत आपोआप गेम मोड लावण्याची सोय असेल आणि कन्सोल नवा असेल, तरी स्वतः जाऊन बघा. एचडीएमआयचं पोर्ट बदललं की काही टीव्हींमध्ये पिक्चर मोडही बदलतो.

दुसरी तपासणी : लाय आणि उंची

बॉल कसा पडला आहे, म्हणजेच लाय, याचे टक्के पडद्यावर दिसतात. फेअरवेवर (मधल्या आखूड गवतावर) हा आकडा शंभरच्या आसपास असतो, रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) खाली येतो आणि एका आकड्याऐवजी पट्टा दिसतो, उदाहरणार्थ ८० ते ९०. मोठ्या शॉटला हा पट्टा सगळे वाचतात. ग्रीनजवळ आलं की नजर थेट झेंड्यावर जाते आणि टक्के राहून जातात. "दर वेळी तोकडा पडतो" या तक्रारीचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण.

हिशेब सोपा आहे. बॉल २० यार्ड उडायला हवा आणि लाय ८० ते ९० टक्के आहे. मधला आकडा ८५ धरा. वीसला ०.८५ ने भागलं की साडेतेवीस येतात. तेवीस-चोवीस यार्डांचा शॉट मारायचा. चोवीसचा मारला तर बॉल १९ ते साडेएकवीस यार्डांच्या दरम्यान पडेल. अडीच यार्डांची ही अनिश्चितता तुमच्या हाताबाहेरची आहे, तिच्यावरून स्वतःला दोष देऊ नका. उलट ती निशाणा ठरवताना वापरा. अलीकडे बंकर (वाळूचा खड्डा) असेल, तर पट्ट्याचा खालचा आकडा धरून मारा. पलीकडे पाणी असेल, तर वरचा.

रफचा दुसराही परिणाम आहे. क्लबचा चेहरा आणि बॉल यांच्यामध्ये गवत आलं की बॉलला फिरकी कमी मिळते, आणि पडल्यावर तो जास्त धावतो. त्यामुळे रफमधून कमी उडणं आणि जास्त धावणं एकाच वेळी घडतं. हे ठाऊक नसलं की माणूस एकदा ताकद वाढवतो, एकदा कमी करतो आणि गोंधळत जातो. लॉस एंजेलिसच्या रिव्हिएराला किकुयु नावाचं चिवट, क्लब धरून ठेवणारं गवत आहे. तिथे खरे खेळाडूही ग्रीनच्या कडेला फार जपून खेळतात.

उंची फुटांत दिसते आणि अंतर यार्डांत, इथेही घोटाळा होतो. तीन फूट म्हणजे एक यार्ड. ग्रीन सहा फूट वर असेल, तर उंच उडणाऱ्या पिचला साधारण दोन यार्ड जास्त धरले की भागतं. ठेंगण्या चिपला तेवढ्याने भागत नाही. बॉल सपाट कोनात जात असतो, त्यामुळे चढ त्याला लवकर आडवा येतो, आणि पडल्यानंतरचं धावणंही चढामुळे आटतं. चढावर चिप करायचा असेल तर आकड्यापेक्षा सढळ हाताने मारा. उतारावर नेमकं उलटं.

तिसरी तपासणी : निशाणा नेमकं काय दाखवतो?

पडद्यावरचं चिन्ह म्हणजे बॉल पहिल्यांदा टेकायची जागा, की थांबायची जागा? हे शॉटच्या प्रकारागणिक बदलतं, आणि एका खेळातून दुसऱ्या खेळात गेल्यावरही बदलतं. सपाट जागेवरून चिप, पिच (उंच उडणारा) आणि फ्लॉप (त्याहून उंच जाऊन पडला की थांबणारा) प्रत्येकी तीन-चार वेळा मारा, चिन्हाकडे बघत राहा, आणि बॉल चिन्हावर टेकला की चिन्हावर थांबला हे कागदावर लिहून ठेवा. जे चिन्ह टेकायची जागा दाखवतं ते झेंड्यावर ठेवून शॉट मारलात, तर बॉल दर वेळी पुढे जाणारच. अंगठा कितीही कसलेला असो.

यावरूनच सगळ्यात कामाची सवय लागते. ग्रीनजवळ आल्यावर झेंड्याचं अंतर बघायच्या आधी बॉल कुठे टेकवायचा ते ठरवा. ग्रीनवर एक-दोन यार्ड आत, जिथे जमीन सपाट आहे, तिथे. स्काउट कॅमेऱ्याने (पुढची जागा दाखवणाऱ्या खेळातल्या कॅमेऱ्याने) त्या जागेवर जाऊन बघा. मग बॉलपासून त्या जागेपर्यंत किती, आणि तिथून झेंड्यापर्यंत किती, असे दोन वेगळे आकडे डोक्यात ठेवा. खालच्या तपासण्या या दोन आकड्यांवरच चालतात. आपल्याकडे बहुतेकांनी प्रत्यक्ष गोल्फ कोर्सवर पाऊल ठेवलेलं नसतं, त्यामुळे पंधरा-वीस यार्ड म्हणजे डोळ्यांसमोर काही येत नाही. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची असते. ती ग्रीनवर आडवी टाकून बघा, अंदाज लगेच बसतो.

चौथी तपासणी : एकच शॉट सगळीकडे वापरताय का?

माझ्या मते बिघाडाचं खरं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

शिकायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण ६० अंशांचा लॉब वेज (फार तिरप्या चेहऱ्याचा, बॉल उंच उडवणारा क्लब) काढतो आणि फ्लॉप मारतो. कारण समजण्यासारखं आहे. फ्लॉप उंच जातो, पडला की थांबतो, बघायलाही छान वाटतो. पण सर्वांत जास्त बिघडायची शक्यता असलेला शॉटही तोच. बॉल उंच जाण्यासाठी स्टिक जास्त मागे न्यावी लागते, त्यामुळे लहानशी चूकही मोठी होऊन दिसते. हवेत जास्त वेळ राहिल्यामुळे वाऱ्यालाही तो जास्त सापडतो. रफमध्ये लाय खराब असेल, तर अंतराचा अंदाज पार कोसळतो.

माझा क्रम असा आहे. बॉल ग्रीनलगतच्या फ्रिंजवर असेल आणि मध्ये उंच गवत नसेल, तर सरळ पटर (ग्रीनवर बॉल लोळवायचा क्लब) घ्या. खरे गोल्फर याला टेक्सास वेज म्हणतात. दिसायला साधा, पण खराब पट (पटरचा फटका) साधारण चांगल्या चिपइतकाच जवळ थांबतो. पटर चालत नसेल, तर चिप. चिपने मधला अडथळा पार होत नसेल, तर पिच. आणि पिचही थांबणार नाही इतकी जागा कमी असेल, तेव्हाच फ्लॉप. बंकरमध्ये स्प्लॅश. तिथे क्लब बॉलच्या मागची वाळू उडवतो आणि वाळूबरोबर बॉल बाहेर येतो, त्यामुळे बॉल फार लांब जात नाही. झेंडा बंकरपासून दूर असेल आणि कड बुटकी असेल, तर स्प्लॅशचा हट्ट धरू नका.

आता चिप. चिप म्हणजे वेजच, असं मनात पक्कं बसलेलं असतं. चिप आठ नंबरच्या आयर्ननेही (वेजपेक्षा कमी तिरप्या चेहऱ्याच्या क्लबनेही) मारता येतो, आणि पुष्कळदा मारावाच. खऱ्या गोल्फमध्ये यासाठी बाराचा नियम शिकवतात. बारामधून क्लबचा नंबर वजा करा. जो आकडा येईल, तितक्या पट बॉल धावतो. पिचिंग वेजला दहा नंबर धरायचं. म्हणजे पिचिंग वेजने एक भाग उडतो आणि दोन भाग धावतो, नऊ नंबरने एकास तीन, आठ नंबरने एकास चार. सँड वेजला अकरा धरलं, तर एकास एक.

एक उदाहरण घेऊ. बॉल ग्रीनच्या कडेपासून दोन यार्ड बाहेर आहे, झेंडा वीस यार्डांवर. टेकायची जागा कडेपासून दोन यार्ड आत ठरवली, म्हणजे बॉल चार यार्ड उडायला हवा आणि सोळा यार्ड धावायला हवा. एकास चार. क्लब आठ नंबर. हाच शॉट लॉब वेजने मारायचा तर बॉल पंधरा-सोळा यार्ड उडवावा लागेल, म्हणजे तिप्पट-चौपट मोठा स्विंग आणि त्याच प्रमाणात मोठी चूक. चार यार्डांच्या उडीत दहा टक्के चुकलात, तर उडीत अर्ध्या यार्डाचाही फरक पडत नाही. सोळा यार्डांच्या उडीत तेच दहा टक्के दीड यार्डाहून जास्त होतात.

हा नियम सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी आहे. खेळातलं प्रमाण तुमच्या ग्रीनच्या सेटिंगनुसार थोडं सरकतं. तेव्हा आठ नंबर, पिचिंग वेज आणि सँड वेज या तिघांचं उडण्या-धावण्याचं प्रमाण स्वतःच्या सेटिंगवर मोजा आणि टीव्हीजवळ चिठ्ठी लावून ठेवा. चौदाही क्लबचं पाठ करायची गरज नाही, या तिघांत पुष्कळसे चिप निघतात.

पिच कधी, याचंही एक उदाहरण देतो. बॉल आणि ग्रीन यांच्यामध्ये बंकर आहे, झेंडा अठरा यार्डांवर आहे आणि बंकरपलीकडच्या कडेपासून फक्त पाच यार्ड आत आहे. तेरा यार्डांच्या आत टेकलात तर वाळूत. चौदा-पंधरा उडवून तीन-चार धावू द्यायचा. आठ नंबर इथे कामाचा नाही, ५६ किंवा ६० अंशांच्या वेजने पिच मारा. लाय ९० टक्क्यांच्या खाली असेल, तर सरळ झेंड्यापलीकडे थांबण्याच्या तयारीने मारा आणि परतीचा पट घ्या. वाळूतून परत यायला जास्त स्ट्रोक जातात.

पाचवी तपासणी : ग्रीनचा वेग, कडकपणा आणि उतार

"कालपर्यंत जमत होतं, आज जमत नाही" असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, कोर्स बदलला का? सामन्याच्या सेटिंगमध्ये ग्रीनचा वेग आणि कडकपणा वेगवेगळे ठरवता येतात, आणि ऑनलाइन सोसायट्या (खेळाडूंचे गट) ते बरेच कठीण ठेवतात. वेग म्हणजे बॉल जमिनीवर किती लोळतो, कडकपणा म्हणजे तो टेकल्यावर किती उसळतो. वेगवान पण मऊ ग्रीनवर पिच थांबतो आणि चिप धावतो. संथ पण कडक ग्रीनवर पिच उसळून पुढे जातो. दोन्हींचा इलाज वेगळा असल्यामुळे राउंड सुरू करायच्या आधी हे दोन शब्द वाचायचेच.

खऱ्या कोर्सवर वेग मोजायला स्टिम्पमीटर वापरतात. १९३५ साली अमेरिकेतल्या ओकमाँटला झालेलं यूएस ओपन पाहिल्यावर एडवर्ड स्टिम्पसन यांना हे साधन सुचलं. एका पन्हळीतून बॉल ठरावीक वेगाने सोडायचा आणि तो सपाट ग्रीनवर किती फूट गेला ते मोजायचं. दहा फूट गेला तर वेग दहा. वेग दहावरून तेरा झाला, तर तोच धक्का बॉलला सुमारे तीस टक्के पुढे नेतो. वरच्या चिपमधले सोळा यार्ड धावणं एकवीसच्या आसपास जातं. अंगठ्याने काहीच चूक केली नाही, तरी बॉल झेंड्याच्या पाच यार्ड पुढे.

उतारासाठी ग्रिड (उतार दाखवणारी जाळी) चालू करून बघा, पण झेंड्याजवळचा नाही. तुम्ही ठरवलेल्या टेकायच्या जागेवरचा उतार आधी बघा. बॉल उतारावर टेकला तर पुढे फेकला जातो, चढावर टेकला तर अडतो. म्हणून टेकायची जागा यार्डभर इकडेतिकडे सरकवून सपाट तुकडा शोधणं फायद्याचं. फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रासच्या सतराव्या होलवर, जिथे ग्रीनच्या भोवती पाणी आहे, ही सवय सर्वांत जास्त उपयोगी पडते. तिथे पुढे गेलेल्या चिपला दुसरी संधी नसते.

सहावी तपासणी : अंगठा आणि लय

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि बॉल तरीही विखुरत असतील, तर आता अंगठ्याकडे या. लोक नेमकी इथूनच सुरुवात करतात आणि तासन्‌तास सराव करून चुकीच्या गोष्टीची सवय लावून घेतात.

बॉल सतत उजवीकडे जात असेल, तर पुढे ढकलण्याचा वेग कमी पडतो आहे. खेळात संथ डाउनस्विंग (पुढे ढकलणं) उजवीकडे जातो, घाईचा डावीकडे. छोट्या शॉटला उजवीकडे जाण्याचं कारण बहुतेकदा मानसिक असतं. शॉट नाजूक आहे म्हणून माणूस पुढे ढकलतानाही नाजूकपणे ढकलतो. अंतर स्टिक किती मागे नेली यावर ठरतं. ढकलणं पूर्ण स्विंगला जितकं ठाम, तितकंच इथेही ठाम हवं.

सराव असा करा. कंट्रोलर मांडीवर किंवा उशीवर टेकवा, हवेत धरू नका. अंगठ्याचं पेर स्टिकच्या मध्यावर न ठेवता किंचित वरच्या कडेवर ठेवा, म्हणजे मागे ओढताना तो सरळ खाली येतो, तिरपा जात नाही. आधी फक्त अर्ध्यापर्यंत मागे न्यायचा सराव, दुसरं काही नाही. अर्धं हाताला कळलं की पाव आणि पाऊण आपोआप सापडतात. स्विंगनंतर दिसणारी लय आणि रेषेची माहिती प्रत्येक शॉटला वाचा. रेष तिरकी दिसत असेल आणि तुम्हाला मात्र सरळ ओढल्यासारखं वाटत असेल, तर सेटिंगमधलं स्विंग कॅलिब्रेशन पुन्हा करा. तुम्ही ज्या बैठकीत खेळता त्याच बैठकीत करा. सोफ्यावर रेलून खेळणारा माणूस खुर्चीत ताठ बसून कॅलिब्रेशन करतो आणि मग ते जुळत नाही.

कठीण पातळी एक पायरी खाली आणायलाही हरकत नाही. वरच्या पातळ्यांवर लयीच्या चुकीला शिक्षा मोठी असते, त्यामुळे चूक वाचण्यातली की हातातली, हे वेगळं करता येत नाही. खालच्या पातळीवर अंतर जमू लागलं की परत वर जा.

सातवी तपासणी : कंट्रोलर

कंट्रोलर केबलने विंडोज संगणकाला जोडा, रन खिडकी उघडून जॉय डॉट सीपीएल लिहा आणि स्टिकची चाचणी उघडा. स्टीम (संगणकावर गेम घ्यायचं आणि चालवायचं ॲप) वापरत असाल, तर त्याच्या कंट्रोलर सेटिंगमध्येही चाचणी आहे. हात काढल्यावर खूण मध्यावर परत येते का, आणि हळूहळू मागे ओढताना ती सलग सरकते की उड्या मारते, हे बघा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्टिकच्या आत एक घासणारा रोधक असतो, त्याची पट्टी झिजली की मधल्या भागात आकडा उडतो. पूर्ण स्विंगमध्ये ती उडी लपते, चाळीस टक्क्यांच्या चिपमध्ये नाही.

आधी रीसेट करा. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरला मागे बारीक भोक असतं. कन्सोल बंद करून त्यातलं बटण पिनने चार-पाच सेकंद दाबा आणि केबलने पुन्हा जोडा. मग कंट्रोलर बंद ठेवून स्टिकच्या बुडाशी हवेचा झोत मारा. त्यानेही भागलं नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब स्टिकच्या बुडाशी सोडा, स्टिक गोल फिरवा आणि पूर्ण वाळेपर्यंत चालू करू नका. धूळ असेल तर याने फरक पडतो. पट्टी झिजली असेल तर आठवडाभर बरं वाटून दुखणं परत येतं. स्टीमवर खेळणाऱ्यांना डेडझोन (मध्याजवळचा, हालचाल न मोजणारा भाग) थोडा वाढवून मध्याजवळचं सरकणं लपवता येतं, मधल्या उड्या मात्र लपत नाहीत.

इथे थांबा

साफसफाईनंतरही चाचणीत उड्या दिसत असतील, तर पुढे स्वतः काही करू नका. वॉरंटी चालू असेल तर कंट्रोलर उघडू नका, बिल घेऊन सेवा केंद्रात जा. वॉरंटी संपली असेल, तरी बहुतेक कंट्रोलरमध्ये स्टिकचं मॉड्युल बोर्डाला अनेक पायांनी झाळलेलं असतं. ते काढताना बोर्डावरचे तांब्याचे पट्टे उखडले, तर कंट्रोलर कायमचा जातो. डाग देण्याचा हात असलेल्या कारागिराकडेच द्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या परिसरात अशी कामं होतात. चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरचं मॉड्युल बसवून घेता येतं, त्यात घासणारी पट्टी नसते. फक्त बसवल्यावर कॅलिब्रेशन करून मिळेल का, हे आधीच विचारा. ड्युअलसेन्स एज या प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचं मॉड्युल मात्र झाळकाम न करता घरीच बदलता येतं.

कंट्रोलरचं कवच फुगलेलं दिसलं, किंवा चार्जिंगला तो नेहमीपेक्षा जास्त तापायला लागला, तर चार्जर काढा आणि वापर तिथेच बंद करा. ती लिथियमची बॅटरी असते, टोचली तर पेट घेते. टीव्हीचं एचडीएमआय पोर्ट हललं की चित्र जात असेल, तर तेही टीव्हीच्या कारागिराचं काम.

शेवटचं थांबणं अंगठ्याचं. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखत असेल, बाटलीचं झाकण फिरवताना कळ येत असेल, अंगठा अडकत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर सराव त्याच दिवशी बंद करा. अंगठ्याच्या स्नायुबंधाच्या आवरणाला सूज येण्याचा डी क्वेरव्हेन नावाचा विकार आहे, आणि त्याच त्या हालचाली वारंवार केल्याने तो बळावतो. चार-पाच दिवस विश्रांती देऊनही कळ राहिली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि दिवसाला किती वेळ, कोणत्या हालचालीने खेळता ते त्यांना स्पष्ट सांगा. बरेच जण गेमचं नाव काढायला संकोचतात आणि निदान लांबतं. पुन्हा खेळायला लागाल तेव्हा स्टिकचा स्विंग की तीन-क्लिकचा, हेही त्यांनाच विचारून ठरवा.